सेकंदाला दोन वेळा

अर्धा तास कुणी हलायचं नाही, असं मी वसतिगृहातल्या मुलींना सांगितलं आणि त्या सगळ्या एकदम हसायला लागल्या. मुलींना अर्धा तास गप्प बसवणं काय असतं हे मला माहीत असायला हवं होतं. पेणला शाळेत असताना मी स्वतः पाच मिनिटं एका जागी बसत नसे. पण तेव्हा मी मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करत होते, माझ्यासोबत यंत्र होतं, आणि यंत्र सोबत असलं की माणसाला आपण कुणीतरी मोठं आहोत असं वाटतं. मी त्यांच्यावर ओरडले. त्या ओट्यावर ओळीने बसल्या आणि तोंडात पदर-ओढण्या कोंबून हसू दाबत राहिल्या.

अंगणात मी एक सेन्सर ठेवला होता. पेढ्याच्या डब्याएवढा, तीन पायांचा, वायरीने बॅटरीला आणि लॅपटॉपला जोडलेला. जमीन सतत हलत असते. भूकंप नसतानाही हलते. समुद्र, वारा, रस्त्यावरचे ट्रक, माणसांची पावलं, सगळ्यांनी ती बारीक थरथरत असते. आपल्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. मग त्या थरथरीचे कॉम्प्युटरवर तुकडे पाडायचे: सेकंदाला एकदा होणारी हालचाल किती, दोनदा होणारी किती, दहादा होणारी किती. प्रत्येक जमिनीची एक ठरलेली चाल असते, त्या चालीने ती सगळ्यात जास्त हलते. खडक भरभर हलतो, खोल चिखल सावकाश. इमारतींचंही तसंच. बैठी इमारत भरभर हलते, मजले चढत गेले की तिची चाल मंद होत जाते. जमिनीची आणि इमारतीची चाल एक झाली, की भूकंपात ती इमारत शेजारच्या इमारतींपेक्षा कितीतरी जास्त हलते. आमचं सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरत होतं.

मला हे पुस्तकाच्या आधी घरी कळलं होतं. रामवाडीला हायवेजवळ आमचा गणपतींचा कारखाना. ट्रक गेला की फळीवरच्या सगळ्या मूर्ती हलायच्या नाहीत. एका फळीवर फक्त उंच मूर्तीचा वर केलेला हात थरथरायचा आणि बुटक्या मूर्ती ढिम्म असायच्या, दुसऱ्या फळीवर नेमकं उलटं. ओल्या मूर्ती ठेवण्याआधी बाबा फळीवर तळहाताने थाप मारून बघायचे आणि मग कुठल्या उंचीची मूर्ती तिथे ठेवायची ते ठरवायचे. इंजिनियर झाल्यावर मी त्यांना यामागचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग यात नवीन काय सांगितलंस?"

ती गुजरातच्या भूकंपानंतरची वर्षं होती. तोवर पायाखाली काय आहे हे कुणी विचारत नव्हतं, आता सगळ्यांना विचारायचं होतं. आमच्या विभागाला पेणपासून रोह्यापर्यंतची जमीन ठिकठिकाणी मोजायचं काम मिळालं आणि मी तिकडचीच म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी खुशीने पडू दिलं. पेणहून एसटीने नागोठणे, तिथून खिंड ओलांडून रोहा, मांडीवर दुधाच्या कॅनसारखी दिसणारी सेन्सरची पेटी. कंडक्टर विचारायचा, ताई, दूध काय भावाने? मीही भाव सांगायचे.

हे वसतिगृह रोह्याच्या बाहेर, वरसे गावाच्या पुढे होतं. खाली एक मजला, वर एक. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये शाळा सातवीपर्यंतच, आठवीसाठी रोह्याला यावं लागे आणि रोज येणं-जाणं झेपणारं नव्हतं. त्यामुळे वसतिगृहात जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर नाही, एवढा सरळ हिशेब होता. संस्थेला वर आणखी दोन मजले चढवायचे होते. सेक्रेटरींनी, म्हणजे एका निवृत्त हेडमास्तरांनी, मी अंगणात यंत्र मांडलेलं पाहिलं आणि विचारलं, "आलाच आहात तर आम्हाला एक पत्र द्याल का? जमीन दोन मजले सोसेल असं?"

त्याच दिवशी पायरीवर एक बाई पत्र्याची ट्रंक घेऊन बसली होती. नदीकाठच्या वाडीवरची, मजुरी करणारी. शेजारी तिची सातवी पास झालेली मुलगी. जागा नाही असं त्यांना सकाळीच सांगितलं होतं. तरी ती दुपारपर्यंत बसून होती, कुणी एखादी मुलगी सोडून गेली तर, म्हणून. मुलगी माझ्या यंत्राकडे टक लावून बघत होती. आई तिला म्हणाली, "चल गो, पुढल्या साली बघू." दोघींनी ट्रंकेची एकेक कडी धरली आणि रस्त्याला लागल्या. मला फार वाईट वाटलं, आणि आपण यात काहीतरी करू शकतो याचा आनंदही झाला. आपल्याला आनंद झाला होता हे मी नंतर कधी विसरू शकले नाही.

आणखी एक माणूस त्या दिवशी तिथे होता. वसतिगृह ज्या जागेवर होतं ते पूर्वी भाताचं शेत, मुरमाचा भराव घालून सपाट केलेलं. त्या शेताचे जुने मालक, सत्तरीचे आजोबा, कुंपणाशी उभे राहून आमची गंमत बघत होते. ते म्हणाले, "हितं नांगर चालायचा नाय कधी. बैल पोटापरयंत रुतायचं. आमी पायानं चिखल तुडवून लावणी करायचो. नदी पूर्वी हितनंच जायची, असं माझा आजा सांगायचा." सर म्हणायचे, फील्डवर जे ऐकाल ते लिहून ठेवा. सर म्हणजे माझे गाईड. म्हणून मी लिहिलं, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलं, "ऐकीव".

मुंबईला आल्यावर नोंदी काढल्या. आलेखात सेकंदाला दोन या जागी एक उंच टोक होतं. तशी टोकं दोन प्रकारची असतात. फिरत्या यंत्राचं टोक सुईसारखं, कारण असं यंत्र एकाच वेगाने फिरतं. जमिनीचं टोक पसरट, कापलेल्या भाताच्या भाऱ्यांच्या उडवीसारखं. इथे सुई होती. वसतिगृहाजवळच्या ओढ्यापलीकडे एक मोठी कंपनी होती. मी मुद्दाम पुन्हा रोह्याला गेले आणि शिफ्ट सुटताना गेटवर एका ऑपरेटरला गाठलं. सतत फिरणारं मोठं काय आहे तुमच्याकडे? तो म्हणाला, "मोठा मिक्सर हाय ना, बंदच नाय होत." मिनिटाला फेरे किती? "एकशेवीस." एकशेवीस भागिले साठ, दोन. मला तिथेच रस्त्यावर उडी मारावीशी वाटली. शोध लागल्यासारखं झालं. ते टोक कंपनीचं होतं, जमिनीचं नव्हतं. ते आलेखातून काढून टाकायचं आणि उरेल ती जमीन.

काढून टाकायला फिल्टर असतो. किती रुंदीचा लावायचा हे आपण ठरवतो. मी सुई जाईल एवढा अरुंद लावला, तर सुई गेली आणि खाली एक बुंधा राहिला. पसरट. आता ते सगळं इतकं स्पष्ट दिसतं की स्वतःला फाडकन थोबाडीत मारावी. सुई उडवीत खोचलेली होती. पण तेव्हा मला वाटलं, सुईच नीट निघाली नाही. मी फिल्टर रुंद केला. आणखी रुंद केला. मग आलेख स्वच्छ झाला. पुढे, भरभर चालीच्या बाजूला, एक छोटं टोक उरलं, ते होतं भरावाच्या टणक मुरमाचं, आणि मी तीच जमीन समजले.

मला अजिबात शंका आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बुंधा मला दिसला होता. कंपनीतलं यंत्र जमिनीला उभं आणि आडवं दोन्ही हलवतं, मऊ जमीन मुख्यतः आडवी हलते. उभ्या हालचालीचा आलेख वेगळा काढून शेजारी ठेवला असता तर तिथे नुसती सुई दिसली असती, बुंधा नसता, आणि तिथल्या तिथे निकाल लागला असता. दहा मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण मिक्सरचं उत्तर मला फार आवडलं होतं. सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "वा, मिक्सर शोधून काढलास!" त्या शाबासकीवर मी आठवडाभर तरंगत होते.

पत्र गेलं. "सदर जमीन दोन वाढीव मजल्यांसाठी योग्य वाटते." खाली सरांची सही, आणि मोजणी व विश्लेषण म्हणून माझं नाव. सेक्रेटरींनी ते लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. वर्षभरात दोन मजले उभे राहिले.

दोन वर्षांनी मी तिथे परत गेले, ते माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण भरायला. नव्या इमारतीची चाल मोजायची होती. एक सेन्सर अंगणात, एक गच्चीवर. पुन्हा मुलींना सांगितलं, अर्धा तास हलायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर एका मुलीने पहिली नोंद बिघडवली. पलंगावरून धप्पकन उडी मारली. मी तणतणत गच्चीवरून खाली आले तर तीच म्हणाली, "मॅडम, तुमी मना वळखलं नाय. आमी पायरीवर बसलो होतो, ट्रंक घेऊन." मग ओळखलं. आता नववीत होती. ट्रंक पलंगाखाली होती आणि पलंगावर नीट घडी घातलेली चादर. मला तिने स्वतःची खिडकी दाखवली, जशी काही तिनेच बांधून घेतली होती.

"आमी हललो तर एवढं कळतं तुमच्या मशीनला?" तिने विचारलं.

"कळतं."

"झोपेत कूस बदलली तरी?"

"तरी कळतं."

"म्हंजे तुमच्याफुडं लबाडी नाय चालायची."

मी हसले. तिने सांगितलं, त्यांच्या वाडीतली एकही मुलगी दहावी झालेली नाही, ती होणार आहे. अर्धा तास मग ती खरोखर पुतळ्यासारखी बसली. त्या आठवड्यात कंपनी दुरुस्तीसाठी बंद होती. गेटवर शुकशुकाट होता. मला बरंच वाटलं, नोंद स्वच्छ येईल म्हणून.

पेणला घरी येऊन मी दुपारी जेवायच्या आधीच लॅपटॉप उघडला. अंगणातली नोंद. सेकंदाला दोनच्या जागी सुई नव्हती. मिक्सर बंद होता, सुई असणारच नव्हती. तिथे उडवी होती. गुबगुबीत, पसरट, आलेखातली सगळ्यात उंच गोष्ट. मी गच्चीची नोंद उघडली. चार मजल्यांची झालेली इमारत, तिची चाल. सेकंदाला दोन वेळा.

मी वायर तपासली, फाइल तपासली, तारीख तपासली. उभ्या हालचालीचा आलेख काढला, दोन वर्षांपूर्वी काढायला हवा होता तो. त्यात काही नव्हतं. मग वही काढली आणि "ऐकीव" वाचलं. खाली कित्येक मीटर नदीचा जुना चिखल होता. दोन मजल्यांची इमारत भरभर हलणारी होती, ती त्या चिखलापासून सुरक्षित होती. वर आणखी दोन मजले चढवून आम्ही तिला बरोब्बर चिखलाच्या चालीवर आणून ठेवली होती. माझ्या पत्राने आणून ठेवली होती. आईने जेवायला हाक मारली तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून आलेख काढत होते.

सर आधी म्हणाले, परत मोज. मी परत मोजलं, तीनदा. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "आपल्या भागात मोठा भूकंप होईलच असं नाही." मी म्हटलं, होणार नाही असंही नाही. "शंभर वर्षं काही होणार नाही कदाचित." मी म्हटलं, सर, त्या उद्याही तिथे झोपणार आहेत. शेवटी त्यांनी मला जे योग्य वाटेल ते लिहायला सांगितलं आणि सही करायचं कबूल केलं. निर्णय माझ्यावर टाकला. मला तेव्हा तो मान वाटला होता.

सेक्रेटरींना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते भिंतीवरच्या पत्राकडे बघत राहिले. "हे पण तुमचंच," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, ते चुकलं. तळमजल्यावर जादा भिंती घालून इमारत घट्ट करता येईल किंवा वरचे दोन मजले उतरवावे लागतील, तोवर आत कुणी राहू नये. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तोवर म्हणजे किती दिवस?" आमच्या शास्त्रात या प्रश्नाला कुठे जागाच नव्हती.

नवं पत्र दिलं आणि ते घाबरले. त्यांनी आठवड्याच्या आत इमारत रिकामी केली. शेजारची शाळा बैठी, कौलारू होती आणि उंचवट्यावर टणक जमिनीवर होती. तिथल्या दोन वर्गांत दहावीच्या मुलींची सोय झाली. बोर्डाचं वर्ष. आठवी-नववीच्या मुलींना घरी पाठवायचं ठरलं, इमारत नीट होईपर्यंत.

पालकांना बोलावलं त्या दिवशी मी गेले. जायलाच हवं होतं. मी फळ्यावर जमीन काढली, इमारत काढली, गणपतींच्या फळीचं उदाहरण दिलं. सगळ्यांना समजलं. ती बाई शेवटच्या रांगेत होती, ट्रंक आधीच खाली आणलेली. ती उठून म्हणाली, "बाई, तुमी सांगता ता खरा असंल. पन भूकंप येल तवा येल. पोरगी घरला आली तं तिला कोन ठेवतंय बसवून? आमी वीटभट्टीवर जानार दिवालीनंतर, ती एकली राहील काय वाडीवर? यंदाच तिचा लगीन लावतील." मग तिने विचारलं, "एक वरीस ऱ्हाऊ द्या. एक वरसात नाय येत तुमचा भूकंप."

मी काय सांगणार होते? की येणार नाही? एकदा मी तसं सांगितलं होतं आणि ते भिंतीवर लावलेलं होतं. मी म्हटलं, मला ते सांगता येत नाही. माझा आवाज अगदी शांत होता, मला त्याचा राग येतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता. रागावली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

पुढचे दोन महिने मी वेड्यासारखी हिंडले. प्रबंध बाजूला पडला. पेण, नागोठणे, जिथे जिथे मुलींची वसतिगृहं आहेत तिथे जाऊन हात जोडले. वर्षाच्या मध्यात कुणी घ्यायला तयार नव्हतं, आणि घेतील तर एखादी, सगळ्या नव्हे. मग माझं मागणं कमी कमी होत गेलं. सगळ्या नाहीत तर दहा, दहा नाहीत तर एक. ती एक. मी बाबांना विचारलं, तिला आपल्याकडे ठेवू या का, पेणच्या शाळेत घालू? बाबांनी हातातली माती खाली ठेवली. "आण," ते म्हणाले. एवढंच.

मी नदीकाठच्या त्या वाडीवर गेले. सात-आठ झोपड्या, मधे जांभळाचं झाड. मुलगी भांडी घासत होती. मला बघून तिने हात पुसले आणि आत जाऊन स्वतःहून दप्तर घेऊन आली. तिला वाटलं, वसतिगृह सुरू झालं. मी तिच्या आईला सांगितलं, आमच्या घरी राहील, आमच्या मुलीसारखी, शिकेल. आईने सगळं ऐकलं आणि मान हलवली. "नाय बाई. आमच्या पोरी शहरात लोकांच्या घरी ऱ्हातात त्या कशाला, ते सगल्यांना ठावं हाय. तुमी तसं नाय, ते मना कळतं. पन वाडीतली लोकं इचारतील, पोर कामाला ठेवली काय. तिला पुढं कोन बायको करील मंग?" मी गयावया केली. खरंच केली, तिच्या अंगणात उभी राहून. ती म्हणाली, "तुमची शाळा सुरू करा. मी लगेच आनते."

तुमची शाळा, असं ती म्हणाली. मी काही सुरू करू शकत नव्हते. मी फक्त बंद करू शकले होते.

इमारतीचं पुढे काय झालं ते सांगायला फार काही नाही. संस्थेने दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागवलं. ते तज्ज्ञ आले, त्यांनी बघितलं आणि आणखी तपासणी हवी असं लिहिलं. सरकारी कार्यालयाने परवानगीसाठी जादा नकाशे मागितले. सेक्रेटरी आजारी पडले, नवे आले. नव्यांना ना इमारत वापरायचं धाडस होतं, ना पाडायचं. मी महिन्याला फोन करायचे, मग दोन महिन्यांनी, मग त्यांनी माझा आवाज ओळखून फोन घ्यायचं सोडलं. दिवाळीनंतर मी पुन्हा वाडीवर गेले तर तिच्या झोपडीच्या दाराला काट्या लावलेल्या होत्या. सगळी भट्टीवर गेली होती. कुठल्या भट्टीवर, ते शेजारच्या म्हातारीला माहीत नव्हतं. मार्चमध्ये शाळेतून कळलं, तिचं नाव पटावरून कमी केलं.

मी डॉक्टरेट पुरी केली. त्यात एक प्रकरण आहे, यंत्राची सुई आणि जमिनीची उडवी एकाच जागी आली तर वेगळी कशी करायची त्यावर. चांगलं प्रकरण आहे. लोक अजून विचारतात त्याबद्दल. मी कुणाला सांगत नाही की ते शिकायला काय लागलं. विद्यार्थ्यांना मात्र मी छळते. उभा आलेख काढल्याशिवाय फिल्टरला हात लावला तर मी वर्गाबाहेर काढते, आणि त्यांना वाटतं ही बाई खडूस आहे. आहेच.

त्या वर्षांत मी रोह्याला गेले की वाट वाकडी करून त्या इमारतीसमोर उभी राहायचे. खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या, कुंपणावर वेल चढले होते. रागाने आणि शरमेने मला रडू यायचं. एका दुपारी मी स्वतःला म्हणताना ऐकलं, येऊन जा एकदाचा. पाड ती. म्हणजे मी बरोबर होते हे सगळ्यांना दिसेल, तिच्या आईला दिसेल. भूकंपात किती माणसं मरतात ते शिकवणारी बाई मी, आणि रस्त्यावर उभी राहून भूकंप मागत होते. माझ्या बाजूने साक्ष द्यायला. आजूबाजूला घरं होती, लोक होते, पलीकडे शाळेत मुली होत्या. घरी येईपर्यंत मला स्वतःची किळस येत होती. पण नंतरही एक-दोनदा मी ते मागितलं.

वसतिगृह बंद झाल्यावर पाच-सहा वर्षांनी, आषाढात, रोह्याच्या बाजारात मी करटोली घ्यायला थांबले. टोपली घेऊन बसलेल्या पोरीच्या मांडीवर मूल होतं आणि दुसरं पाठीशी उभं. मी भाजीच बघत होते. ती म्हणाली, "मॅडम."

मी ओळखलं. कशी आहेस, असलं काहीतरी विचारलं. बरी हाय, म्हणाली. मुलांची नावं सांगितली. मोठ्याला पुढल्या साली शाळेत घालायचा आहे, म्हणाली. मग तिने अगदी सहज, एखाद्या ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "मॅडम, आला काय तो? भूकंप?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग आमची खोली कोनाला दिली?"

"कोणाला नाही. इमारत रिकामी आहे."

"तवापासनं?"

"तेव्हापासून."

तिचा हात टोपलीवर थांबला. मला वाटलं आता ती बोलेल, ओरडेल, सगळ्या बाजारासमोर मला काय ते सुनावेल, आणि मी त्यासाठी तयार होते, मला ते हवं होतं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "तं मंग आता यावा त्यानं. आत कोन नाय तवर येऊन गेला तं बरा. कोनी मरायचं नाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट बघितलं तिच्याकडे, टोमणा सापडावा म्हणून. तिला खरोखर तसं वाटत होतं. माझ्या तोंडातलंच वाक्य, पण ते तिने इतरांसाठी म्हटलं होतं. मी ते कशासाठी म्हटलं होतं हे मी तिला सांगितलं नाही. तिने करटोली पिशवीत ओतली, वरून एक मूठ जास्त घातली, आणि मी नको म्हणाले तरी परत घेतली नाही.